हाई कोन इचारस, ताई?

हिलाल आप्पांना कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण वर्षभर मी स्वतःला हेच सांगून धीर देत होते. माऊस हातात दिला तर ते तो उलटा करून खालून बघायचे. आणि शहाद्यातल्या आमच्या वेबसाईट बनवणाऱ्या ऑफिसात सगळ्यात जास्त मागणी त्यांनाच होती. मी एम.ए. मराठी, प्रथम वर्ग, सात वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलेली. त्यांनी वहीत लिहिलेलं मी टाईप करायचे.

ऑफिस पल्लवीचं. तिचं घर शहाद्याजवळच्याच एका खेड्यात, केळी-पपईची शेती. पुण्याला शिकून, चार वर्षं नोकरी करून ती परत आली आणि खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेऊन छोट्या धंदेवाल्यांना वेबसाईट करून द्यायला लागली. वेबसाईट ती बांधायची, मजकूर मी लिहायचे. मी मूळची लातूरकडची, लग्नानंतर इकडे आले. नवऱ्याची नोकरी साखर कारखान्यात, हंगामी, गाळप चालू तोवर पगार. पुरुषोत्तमनगरला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. कॉलेजातले तास बंद झाले तेव्हा पल्लवीने मला घेतलं, आणि पहिले आठ-दहा महिने त्या ऑफिसात लिहिणारी मी एकटी होते. ते महिने मला अजून आठवतात.

मग दिवाळी झाली आणि पल्लवी आप्पांना घेऊन आली. तिच्या वडिलांच्या ओळखीचे. बसस्टँडवर नोकरी झालेली, त्यातली बरीचशी चौकशीच्या खिडकीत. "आप्पा मजकुराचं नियोजन बघतील," ती म्हणाली. मला हसू आलं. नियोजन कसलं? मुखपृष्ठ, आमच्याविषयी, आमच्या सेवा, संपर्क. चार पानं. त्यात बसस्टँडवरचा माणूस काय बघणार होता?

उंच, किडकिडीत माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. वर्षानुवर्षं खिडकीच्या लहानशा भोकातून माणसांकडे बघितल्यामुळे असेल, समोरासमोर बसलं तरी ते मान खाली वाकवून, डोळे वर करून बघायचे. आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचे, पहिल्यांदा मोठ्याने, दुसऱ्यांदा सावकाश. "चहा संपना. चहा... संपना." संपना म्हणजे संपला. मी घरी त्यांची नक्कल करायचे आणि नवरा पोट धरून हसायचा. नक्कल मला छान जमायची. खरं सांगायचं तर त्यांचं तेवढंच मला जमलं.

पहिल्याच आठवड्यात सारंगखेड्याच्या एका कारागिराचं काम होतं. घोड्यांचा साज बनवणारा. खोगीर, लगाम, घुंगरांच्या माळा, यात्रेच्या दिवसांत त्याला मान वर करायला फुरसत नसायची, पण बाकी वर्षभर बाहेरच्यांना त्याचा पत्ता लागत नव्हता. मी त्याच्या दुकानाचे फोटो बघितले आणि एका बैठकीत पान लिहून काढलं. सुरुवात होती, "अश्वाच्या डौलाला साज चढवणारी पिढ्यानपिढ्यांची कला." पल्लवीला आवडलं. मी ते आप्पांना वाचून दाखवलं, कारण ते शेजारीच बसले होते आणि मला कौतुक हवं होतं.

आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मान वाकवून माझ्याकडे बघत म्हणाले, "हाई कोन इचारस, ताई?"

"म्हणजे?"

"हाई, पिढ्यानपिढ्या. कोनी गिऱ्हाईक फोन करीसन इचारस का, तुमनी कला कितली पिढीनी शे?" आणि मग सावकाश, "कोन... इचारस?"

मी स्क्रीनकडे वळले. दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या गाडीने सारंगखेड्याला गेले आणि त्या कारागिराच्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर दिवसभर बसून राहिले. संध्याकाळी परत आले ते वही भरून.

त्या वहीबद्दल मी सांगितलंच पाहिजे, कारण पुढे माझी सगळी जळजळ तिच्याभोवतीच फिरली. शाळेतल्या पोरांची असते तशी लांब वही. गिऱ्हाईक दुकानात आलं किंवा फोन आला की त्याने जे विचारलं ते आप्पा लिहून घ्यायचे, ज्या शब्दांत विचारलं त्याच शब्दांत. दुसऱ्या कुणी तेच विचारलं की पुढे एक उभी रेघ. तिसऱ्याने विचारलं की आणखी एक. दिवसाअखेर ज्या प्रश्नापुढे सगळ्यात जास्त रेघा, तो वेबसाईटवर सगळ्यात वर. एवढंच त्यांचं नियोजन. शहाण्या माणसाला दहा मिनिटांत समजेल असं, आणि मला एम.ए. होऊन सुचलं नव्हतं.

सारंगखेड्याच्या पानावर सगळ्यात जास्त रेघा होत्या त्या प्रश्नापुढे: "मन्हा घोडाले बसी का?" मग पल्लवीने पहिल्याच पानावर घोड्याचं माप कसं घ्यायचं ते टाकलं. दोरी कुठून कुठे धरायची, गाठ कुठे मारायची, फोटो काढून कसा पाठवायचा. माझी पिढ्यानपिढ्यांची कला तळाशी गेली, तीही एका ओळीत.

एक प्रश्न त्यांनी गोल करून ठेवला होता. "घोडा मन्हा नही, लगनसाठे भाडाना शे, तरी भेटी का?" पुढे एकच रेघ. मी म्हटलं, "एकानेच विचारलंय, याला गोल कशाला?"

"त्यानी हळू इचारं," आप्पा म्हणाले. "खिडकीवर बी असंच ऱ्हाये. जे लोके मोठा आवाजमा इचारतस ते दुसराले बी इचारतीन. जे हळू इचारतस त्यास्ले लाज वाटस. ते पहिले लिखानं. वेबसाईटवर दुसरं कोनी ऐकस नही."

मी त्या वेळी "हो का" म्हणून टायपिंगला लागले. पण घरी जाताना सगळ्या वाटेत ते वाक्य डोक्यात होतं. इतकं साधं, इतकं खरं आणि ते माझं नव्हतं. महिन्याभरात त्या कारागिराला कुठकुठून फोन यायला लागले. नवरदेवांसाठी घोडे भाड्याने देणारे, वरातीचे बँडवाले. तो पेढे घेऊन आला आणि जिन्यातूनच ओरडला, "आप्पा शेतस का?" मी दारातच उभी होते. त्याने पेढ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आप्पास्ले द्या."

तेव्हापासून हे रोजचंच झालं. फोन उचलला की, "आप्पा शेतस का?" दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना असो, पापड करणाऱ्या बायकांचा गट असो, सगळ्यांना आप्पा हवे. आप्पा जायचे, दिवसभर बसायचे, अर्धा कप चहा प्यायचे, वही भरून आणायचे. मग माझं काम, ती अहिराणी मराठीत आणायची आणि टाईप करायची. ते अहिराणीतच लिहायचे, कारण लोक तसंच विचारायचे. ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. मी त्यांच्या चुका मोजायचे. एका पानावर सदतीस निघाल्या तेव्हा मला दिवसभर बरं वाटलं होतं.

एखादा शब्द अडला तर मी विचारायचे. "आप्पा, कवय म्हणजे?" "कधी," ते आनंदाने सांगायचे, दोनदा. मजकूर तयार झाला की त्यांचा नियम होता, धंद्याशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचून दाखवायचा. बहुतेक खालच्या चहावाल्याला. "ऐक आनि सांग, काय समजनं." चहावाल्याला समजलं नाही तर पान परत माझ्याकडे. मराठीची पदवीधर बाई चहावाल्याकडून नापास होऊन यायची, आणि वर चहा पण घेऊन यायची.

सातपुड्यातल्या काठी गावाचं काम आलं तेव्हा मला वाटलं, आता माझा दिवस. तिथल्या रायसिंगने आणि त्याच्या बायकोने राजवाडी होळीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी घराच्या दोन खोल्या तयार केल्या होत्या. डोंगर, होळी, ढोल. इथे प्रश्नोत्तरं काय कामाची? इथे लिहिणाराच हवा. मी सातपुड्यावर दीड पान लिहिलं. आजही सांगते, चांगलं लिहिलं होतं. पल्लवीने ते तिच्या आईला पाठवलं.

आप्पा या वेळी मलाही बरोबर घेऊन गेले. घरात पावरी बोलतात, आप्पांना ती येत नाही, मला तर नाहीच नाही. ते रायसिंगच्या आईशेजारी जमिनीवर बसले आणि रायसिंगला म्हणाले, "मायले इचार, पाव्हना येतस तवय तिले काय आवडत नही."

म्हातारीने आधी आप्पांच्या वहीकडे बघितलं. मग बोलायला लागली ती थांबेना. रायसिंग सांगायचा, आप्पा लिहायचे. पाहुणे दागिने हातात धरून बघतात. फोटोसाठी बायकांना दंडाला धरून उभं करतात. होळीचा नवस धरलेल्या माणसांना शिवू नये तर शिवतात. चुलीपर्यंत बूट घालून येतात. म्हातारीचे डोळे भरून आले, आणि रायसिंग म्हणाला, "हे तिने आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं."

वेबसाईटचं पहिलं पान झालं "येण्याआधी एवढं वाचा". मला वाटलं, हे वाचून कोण येणार? आले. रायसिंगने सांगितलं की आलेले लोक दारात बूट काढून विचारायचे, आत येऊ का. खोल्या होळीच्या कितीतरी आधी भरल्या. माझ्या दीड पानातलं आप्पांनी एकच वाक्य ठेवलं: "पहाटे गारठा असतो, जाड पांघरुणं आम्ही देतो." ते म्हणाले, "हाई भारी लिखं ताईनी." ते मनापासून म्हणाले होते, त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सहन केला असता.

मला त्यांचा हेवा वाटायचा हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. मी त्याला तत्त्वाचा प्रश्न म्हणायचे. भाषेचं काय होणार, सौंदर्याचं काय होणार, असं नवऱ्यापुढे बोलायचे. नवरा म्हणायचा, "तू त्यांच्याकडून शिकून घे ना." त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. शिकून घ्यायचं म्हणजे आधी ते आपल्यापेक्षा मोठे आहेत हे कबूल करायचं, आणि तेच मला नको होतं.

पुढच्या दिवाळीनंतर पल्लवीने आम्हा दोघांना समोर बसवलं. कामं होती, पण वसुली होत नव्हती. मजकुरासाठी मार्चनंतर एकालाच ठेवता येईल, कोणाला ते अजून ठरवलं नाही, असं ती म्हणाली. आप्पा म्हणाले, "तू ठरव, बेटा." कोणाला ते मला ठाऊक होतं. फोनवर लोक कोणाला विचारतात ते मी रोजच ऐकत होते. मला ही नोकरी गेली तर दुसरी नव्हती. नवऱ्याचा हंगाम संपला की घरात येणारं दुसरं काहीच नव्हतं.

त्यानंतर मी आप्पांना शब्दांचे अर्थ विचारायचं बंद केलं. त्यांची गरज पडते हे पल्लवीला दिसायला नको, हा हिशेब. डिसेंबरात कमलबाईंचं काम आलं. तापीकाठी त्यांची रोपवाटिका आहे. त्या आणि त्यांची सून मिळून चालवतात. मिरची, टोमॅटो, टरबूज अशी रोपं ट्रेमध्ये वाढवून विकायची. त्यांना लांबच्या शेतकऱ्यांकडून ऑर्डर हव्या होत्या. आप्पा दोन दिवस तिथे बसले, वही भरून आणून माझ्या टेबलावर ठेवली.

सगळ्यात जास्त रेघा होत्या "डांगर"पुढे. "डांगरनं रोप कवय भेटी?" "डांगर गोड निघी का?" डांगर मला माहीत होतं. आमच्या लातूरकडे लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. माझी आई डांगराचे घारगे करते. गोड निघेल का, हा प्रश्नही त्यात बसला. मी सगळीकडे लाल भोपळा करत गेले. मग एक प्रश्न आला: "रोजाना महिनामा डांगरले भाव येस का?"

तिथे माझा हात थांबला. रोजे सोडताना कोणी भोपळा खातं का? काहीतरी चुकत होतं, हे मला त्या क्षणी कळलं होतं. आप्पा पलीकडच्या टेबलावर डबा उघडून भाकरी खात होते. हाताच्या अंतरावर. पल्लवी त्यांच्याशी काहीतरी बोलत हसत होती. मी तो प्रश्नच गाळून टाकला आणि पुढे गेले.

जेवण झाल्यावर आप्पांनी विचारलं, "चहावालाले वाची दखाडं का?"

"हो," मी म्हणाले. वाचून दाखवलं नव्हतं.

वेबसाईट सुरू झाली. घोळ असा झाला की रोपांची यादी पल्लवीने थेट आप्पांच्या वहीवरून भरली होती. त्यामुळे कमलबाईंच्या फोनवर ऑर्डर यायची ती "डांगर" अशी, आणि गिऱ्हाइकाला दिसायचा माझा "लाल भोपळा". फोटो रोपांच्या ट्रेचे. त्या वयात दोन्ही रोपं मला तर सारखीच दिसली.

जानेवारी संपत आला तेव्हा कमलबाई तणतणत जिना चढून आल्या. त्यांच्या मागे नवापूरकडचे एक शेतकरी, शमुवेलभाऊ. ते आल्यापासून हातात टोपी धरून उभे होते. पल्लवीने खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"मी लाल भोपळ्याची रोपं मागवली," ते म्हणाले. "घरातल्या सगळ्यांनी मिळून उतारावर लावली. आता वेल पसरली तर ती खरबुजाची. माझ्याकडे खरबुजाला पाणी नाही, मॅडम. भोपळा कमी पाण्यात निघतो म्हणून भोपळा मागवला."

"मी डांगर सांगं व्हतं! डांगर!" कमलबाई ओरडल्या. "तापीकाठे डांगर म्हंजे खरबूज, हाई पोऱ्यासोऱ्यास्ले बी समजस. त्याना भोपया कोनी करा?"

पल्लवीने वेबसाईट उघडली. मी माझ्या टेबलाशी बसले होते. आता पल्लवी वळेल आणि विचारेल, आणि मार्चपर्यंत वाट बघायचीही गरज उरणार नाही. आप्पांनी मान वाकवून स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

"मन्हा हातनं चुकनं," ते म्हणाले. "ताईनी इचारं व्हतं माले, डांगर म्हंजे काय. मीच सांगं, भोपया लिख."

या वेळी त्यांनी ते दोनदा सांगितलं नाही.

"आप्पा, तुम्ही?" पल्लवीला खरं वाटेना.

"मन्हं ध्यान नव्हतं, बेटा. वहीमा मुंडी घालेल व्हती." मग ते शमुवेलभाऊंकडे वळले. "भोपयानी रोपे मी स्वतः लई येसू. आठवडामा. जठे खरबुजले पानी पुरी तठे ते ऱ्हाऊ द्या, बाकीनं काढी टाकू. लावाले बी मी येसू."

शमुवेलभाऊंनी टोपी डोक्यावर घातली. बहुतेक त्यांना भांडणाची तयारी करून आणलं होतं. कमलबाई मात्र गप्प बसल्या नाहीत. एवढी वर्षं खिडकीवर बसून हेच का शिकलात, असं त्या आप्पांना सगळ्यांदेखत म्हणाल्या. आप्पा ऐकून घेत होते. मी तोंड उघडलं नाही. उघडायला हवं होतं हे लिहिणं आता सोपं आहे. तेव्हा मी टेबलावरचे कागद सारखे करत होते.

सगळे गेल्यावर मी आप्पांच्या मागे जिन्यात गेले. "आप्पा, तुम्ही खोटं का बोललात?"

ते दोन पायऱ्या खाली होते, त्यामुळे त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना मान वाकवावी लागली नाही. "तुले माहीत नव्हतं तं इचारनं व्हतं ना, ताई," ते म्हणाले. "मी तठेच बठेल व्हतू."

"मला वाटलं..."

"माले पेन्शन शे," ते म्हणाले. "तुले घर शे."

एस.टी.वाल्यांची पेन्शन कितीशी असते ते तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. मला तिथे रडू यायला हवं होतं, त्यांचे पाय धरायला हवे होते. तसं काही झालं नाही. मला राग आला, इतका की कानशिलं तापली. लिहिण्यात ते माझ्यापुढे होतेच, पण आता चांगलं असण्यातही पुढे गेले. माझी चूकसुद्धा त्यांनी माझी राहू दिली नाही. मी कधी न विचारलेला प्रश्न त्यांनी माझ्या नावावर टाकला आणि मला नोकरी देऊन ते जिना उतरून गेले.

सोमवारपासून ते आले नाहीत. पल्लवीने दोनदा घरी जाऊन बघितलं. ते म्हणाले, आता बसवत नाही. मार्चची वाट न बघता तिने मला कायम केलं. घरी गोडाचं झालं. नवरा म्हणाला, "बघ, शेवटी शिक्षणाला किंमत आहेच." मी खीर खाल्ली.

मीही वही केली. नवी, लांब, तशीच. पापडवाल्या बायकांच्या गटात जाऊन दिवसभर बसले, प्रश्न लिहिले, रेघा मारल्या. बायका माझ्यासमोर जपून बोलल्या. हळू कुणीच काही विचारलं नाही. निघताना त्यांच्यातली एक म्हणाली, "आप्पा कवय येतीन?"

एप्रिलात नवापूरला कुक्कुटपालनवाल्याचं काम होतं. पल्लवीच्या गाडीने निघालो. नवापूर जवळ आलं तसं रस्त्याकडेला ताडपत्री बांधून भाजी विकायला बसलेली माणसं दिसायला लागली. एका ताडपत्रीखाली एका बाजूला लाल भोपळे रचलेले, दुसऱ्या बाजूला खरबुजं, थोडीच. शमुवेलभाऊ तराजू धरून उभे होते. आणि शेजारी उलट्या ठेवलेल्या क्रेटवर आप्पा. पांढरा शर्ट मळलेला, पायाला माती. समोर एक बाई पोराला कडेवर घेऊन काहीतरी विचारत होती, आणि ते मान वाकवून, डोळे वर करून ऐकत होते. शमुवेलभाऊंनी त्यांना काहीतरी म्हटलं, तेव्हा ते दोघंही हसले. त्या ताडपत्रीखाली मी असायला हवी होते, शिव्या खायला आणि मग हसायला.

पल्लवीने गाडी हळू केली. "आप्पाच ना ते? थांबू या?"

"तिथे उशीर होईल," मी म्हणाले.

तिने गाडी थांबवली नाही, पण वेगही वाढवला नाही. रस्त्याकडे बघत म्हणाली, "मला अजून पटत नाही, मॅडम. सगळी हयात इथे गेलेला माणूस. डांगर म्हणजे काय हे त्यांना माहीत नसेल? तुम्ही विचारलं तेव्हा ते नेमकं काय म्हणाले होते?"

काचेतून ते अजून दिसत होते. सांगायला पुरेसा वेळ होता.

"वय झालं होतं त्यांचं," मी म्हणाले.

पल्लवीने मान हलवली आणि गाडी पुढे घेतली.